शरीराचे अस्तर : कुठे जाड, कुठे पातळ?

दिवेआगरच्या समुद्रात डुंबलेल्या कोणाही मुलाला हा अनुभव असेल. तासभर लाटांशी खेळले तरी अंगाला काही होत नाही. पण आदल्या दिवशी गुडघा खरचटलेला असेल, तर पहिल्याच लाटेला तिथे असे झोंबते की तोंडातून ‘स्स’ निघते. पाणी तेच, शरीर तेच. मग त्या रुपयाएवढ्या जागेचीच तक्रार का?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या शरीरातील द्रवात सुमारे ९ ग्रॅम. असा फरक असला की परासरणाने पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूकडे ओढले जाते. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते ते यामुळेच. समुद्रात उतरलेल्या माणसाची गत मात्र या फोडींसारखी होत नाही, कारण त्याच्या अंगावर एक अखंड आवरण आहे. खरचटलेल्या जागी ते फाटलेले असते आणि खारे पाणी थेट खालच्या चेतातंतूंना जाऊन भिडते.

या आवरणाच्या ऊतीला अभिस्तर ऊती म्हणतात. ती केवळ अंगाबाहेर नाही. तोंड, अन्ननलिका, आतडे, श्वासनलिका, रक्तवाहिन्या, मूत्रपिंडातील नलिका या सर्वांना आतून तिचेच अस्तर आहे. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. पण भिंत कुठे किती जाड असावी, हा प्रश्न थोडा आमच्याही विषयातला आहे.

रचना

कोकणात जांभ्या चिऱ्यांची भिंत रचतात, तशा या ऊतीत पेशी एकमेकींना खेटून रचलेल्या असतात. दोन पेशींमध्ये मोकळी जागा जवळजवळ नसते. विशिष्ट सांध्यांनी त्या परस्परांना घट्ट धरून ठेवतात. हा थर एका पातळ तंतुमय पडद्यावर बसलेला असतो. त्याला आधारपटल म्हणतात. त्याखाली संयोजी ऊती असते. अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात. अन्न आणि ऑक्सिजन खालच्या रक्तवाहिन्यांतून विसरणाने वर येतात. म्हणूनच त्वचेचा अगदी वरचा पापुद्रा निघाला तर रक्त येत नाही.

जाडीचा हिशेब

आता थोडे गणित करू. विसरणाने एखादा रेणू भिंत ओलांडतो तेव्हा त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट.

फुप्फुसातील हवा आणि रक्त यांच्यामधील भिंत बहुतेक ठिकाणी एक मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. आपण शांत बसलेले असताना रक्त तेथील केशवाहिनीतून सुमारे पाऊण सेकंदात पुढे जाते, आणि पाव सेकंदातच त्याला पुरेसा ऑक्सिजन मिळालेला असतो. समजा, ही भिंत आपल्या बाह्यत्वचेइतकी, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असती. जाडी १०० पट, म्हणून वेळ १०,००० पट : पाव सेकंदाऐवजी २,५०० सेकंद, म्हणजे चाळीस मिनिटांहून अधिक! हिशेब ढोबळ आहे, पण निष्कर्ष पक्का आहे. देवघेव करायची तर भिंत पातळ हवी, संरक्षण करायचे तर जाड हवी. अभिस्तराचे प्रकार लक्षात ठेवण्याची ही किल्ली आहे.

प्रकार आणि कार्ये

सरल पट्टकी अभिस्तर : फरशीसारख्या चपट्या पेशींचा एकच थर. फुप्फुसांतील वायुकोश आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर. काम देवघेवीचे.

घनाभरूप अभिस्तर : ठोकळ्यासारख्या पेशी. मूत्रपिंडात दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, पण मूत्र दीड लिटरच्या आसपासच तयार होते. बाकीचा द्रव नलिकांच्या अस्तरातील पेशी परत शोषून घेतात.

स्तंभीय अभिस्तर : उंच, खांबासारख्या पेशी. लहान आतड्यात पचलेले अन्न शोषण्याचे काम यांचे. त्यांच्या माथ्यावर असंख्य सूक्ष्म घड्या असतात, त्यामुळे थोड्या जागेत मोठे पृष्ठफळ मिळते.

रोमक स्तंभीय अभिस्तर : श्वासमार्गातील या पेशींना बारीक रोम असतात. ते सेकंदाला दहाहून अधिक वेळा एका दिशेने हलतात आणि धूळ अडकलेला कफ घशाकडे ढकलतात. विडी-सिगारेटच्या धुराने हेच रोम निकामी होतात.

ग्रंथिल अभिस्तर : घाम, लाळ, पाचकरस यांसारखे स्राव तयार करणाऱ्या पेशी.

स्तरित पट्टकी अभिस्तर : एकावर एक अनेक थर. त्वचा, तोंड व अन्ननलिका येथे, जिथे घासणे व झिजणे रोजचेच, तिथे हा आढळतो. त्वचेत सर्वांत वरच्या पेशी मृत व चिवट प्रथिनाने भरलेल्या असतात. समुद्राचे पाणी आपण याच्याच बळावर बाहेर ठेवतो.

झिजणे आणि भरून येणे

भिंतीचे चिरे झिजले तर गवंडी बोलवावा लागतो. अभिस्तर स्वतःच स्वतःचा गवंडी आहे. तळाच्या पेशी विभाजित होत राहतात आणि नव्या पेशी वर सरकतात. बाह्यत्वचा साधारण महिन्याभरात नवी होते, तर आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांतच बदलते. दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत झाडावर चढणाऱ्या गड्याचे तळहात पाहा. त्यांना घट्टे पडलेले असतात. सततच्या घर्षणाला अभिस्तराने जाड होऊन दिलेले ते उत्तर आहे.

पण या गुणातच धोकाही आहे. पेशीविभाजन जितके जास्त, तितकी चुकीची संधी जास्त. माणसाला होणाऱ्या कर्करोगांपैकी बहुसंख्य अभिस्तर ऊतीतच सुरू होतात. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासमवेत १९४५ साली ‘धोतराच्या कर्करोगा’चे वर्णन प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी धोतर घट्ट आवळल्याने तेथील त्वचेला होणारा हा रोग होता. रोजच्या सवयीचा अस्तरावर काय परिणाम होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण तर दिवेआगरच्या वाडीतच पिकते. श्रीवर्धन-दिवेआगरची सुपारी नावाजलेली. कित्येक घरांची चूल तिच्यावर चालते. पूजेत तिचा मान आहे. पण तीच सुपारी रोज गालात धरून ठेवली, तर तेथील ओले, मऊ अस्तर तळहातासारखे घट्टे पाडून घेत नाही. सुपारीतील रसायनांमुळे अस्तर पातळ होते आणि त्याखालची संयोजी ऊती ताठर बनते. तोंडाची आग होते, तिखट सोसत नाही, आणि हळूहळू तोंड पुरते उघडेनासे होते. अशा तोंडात कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसती, तंबाखूविना खाल्लेली सुपारीदेखील कर्करोगकारक ठरवली आहे. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी’ हे समाधान खोटे आहे. सुगंधी सुपारीची पुडी शाळेच्या दप्तरापर्यंत पोचते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

एक साधी चाचणी प्रत्येकाला करता येते. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटे वरच्या व खालच्या दातांमध्ये एकावर एक उभी मावतात का ते पाहा. मावत नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा अथवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दंतवैद्याला दाखवा.

करून पाहा

एकाच आकाराच्या दोन कोवळ्या काकड्या घ्या. एक सोला, दुसरी तशीच ठेवा. दोन्ही वजन करून मिठाच्या दाट पाण्यात रात्रभर बुडवा. सकाळी पुसून पुन्हा वजन करा. कोणती जास्त घटली? काकडीची साल म्हणजे अभिस्तर ऊती नव्हे. वनस्पतीच्या बाह्यस्तराची घडण वेगळी असते. पण आवरणाचे महत्त्व तीही शिकवते.

विचार करा

१. वायुकोशांना स्तरित अभिस्तर असता तर काय झाले असते?
२. अन्ननलिकेचे अस्तर एकाच थराचे असते, तर भाकरीचा कडक तुकडा गिळताना काय झाले असते?
३. भाजलेल्या रुग्णाच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी का होते?