ज्वारीचें विष : किराळ

सोलापूर जिल्हा हा ज्वारीचा जिल्हा होय. मंगळवेढ्याची काळी जमीन व मोहोळच्या संशोधनकेंद्रांत निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण यांनीं तिचें नांव दूरवर नेलें आहे. वाळलेला कडबा हें आपल्या खिलार बैलांचें मुख्य अन्न. परंतु त्याच ज्वारीचे कोवळे पोंगे बैलाचा प्राण कांहीं मिनिटांत घेऊं शकतात. या विषबाधेस आपल्याकडे किराळ लागणें म्हणतात. तिचें ज्ञान शेतकऱ्यास व गुरांच्या दवाखान्यांतील सेवकास सारखेंच अवश्य आहे.

कारण : कोवळ्या ज्वारींत धुरिन नांवाचें द्रव्य असतें. पान चघळलें जातांच त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटतें. मग रक्तांत प्राणवायु असूनहि शरीरास तो वापरतां येत नाहीं व जनावर आंतल्या आंत गुदमरतें. पावसानें ओढ दिल्यामुळें खुरटलेलें पीक आणि कापणीनंतर अवकाळी सरींनीं धसकटांस फुटलेले पोंगे हीं विशेष धोक्याचीं होत.

प्रमाण : जनावराच्या वजनाच्या दर किलोस सुमारें २ मिलिग्रॅम आम्ल घातक ठरतें, म्हणजे ४०० किलोंच्या बैलास ८०० मिलिग्रॅम. एक किलो हिरव्या चाऱ्यांत २०० मिलिग्रॅम विष असल्यास असा ४ किलो चारा पुरे होतो. तोच चारा सावकाश खाल्ला गेला, तर यकृत बरेंचसें विष निकामी करतें. म्हणून एकाच रानांत चरलेल्या जनावरांपैकीं भुकेलेलें आधीं दगावतें.

ओळख : पोटफुगीहि हिरव्या चाऱ्यानेंच होते व त्यामुळें घोटाळा होतो. पोटफुगींत डावी कूस प्रथम ढोलासारखी फुगते. किराळांत प्रथम श्वास वाढतो, तोंडास फेस येतो, अंग थरथरतें, तोल जातो व जनावर पडून झटके देतें. हिरड्या आरंभीं लालभडक दिसतात. निरोगी बैलाचा श्वास मिनिटास सुमारें १२ ते ३० वेळां चालतो, हें ध्यानांत ठेवावें. किराळांतहि पोट थोडें फुगूं शकतें. म्हणून ‘काय खाल्लें व केव्हां?’ हा प्रश्न सेवकानें सर्वांआधीं विचारावा.

उपाय : सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट हीं औषधें शिरेंतून देतात. नायट्राइटचें प्रमाण चुकल्यास तेंच घातक होतें. म्हणून तें काम पशुवैद्याचेंच. त्यास तत्काळ बोलवावें, किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावें. तोंवर बाकीचीं जनावरें त्या चाऱ्यापासून दूर न्यावीं. झटके येणाऱ्या जनावरास तेल, ताक वा गुळाचें पाणी पाजूं नये. तें फुप्फुसांत उतरतें.

प्रतिबंध : फुलोऱ्यापूर्वीं हिरवी ज्वारी चारूं नये. कापलेला चारा उन्हांत चांगला वाळवावा. वाळल्यानें विष पुष्कळ कमी होतें. उपाशी जनावर ज्वारीच्या रानांत कधींहि सोडूं नये. वैरणीची टंचाई असतां धसकटांवरील हिरवे फुटवे पाहून मोह होतो, आणि अशाच वेळीं गुरें दगावतात. तरी पाऊस पडून पोंगे फुटण्यापूर्वींच आपल्या गुराख्यास ही गोष्ट समजावून ठेवावी.