लाईनची गाडी की गावची खेप?



हंगामात उसाच्या गाड्या नंबरला लागलेल्या असतात. वजनकाट्याजवळ चहा उकळत असतो आणि ड्रायव्हर मंडळींत एक वाद हमखास निघतो. एक म्हणतो, "पैसा लाईनवर हाय, भाऊ." दुसरा म्हणतो, "पैसा हाय, पण घर कुठं हाय?" हा वाद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. तो नुसता ड्रायव्हरांचा नाही. कामठी, मौदा, रामटेक, पारशिवनी या भागात एक मुलगा शेतीत आणि एक स्टेअरिंगवर अशी वाटणी झालेली घरे आहेत. म्हणून या धड्यात आपण लांब पल्ल्याची गाडी आणि जवळची खेप यांचा शांतपणे हिशेब मांडू.

थोडा मागचा इतिहास

कामठी ही छावणी १८२१ साली वसली. त्या काळी नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून जबलपूरमार्गे थेट मिर्झापूरपर्यंत जात असे. बंजाऱ्यांचे तांडे महिनोन्‌महिने वाटेवर राहत. ती त्या वेळची लाईनच म्हणायची. १८६७ साली मुंबईकडून रेल्वे नागपूरला पोचली आणि पुढे १८८० नंतरच्या काही वर्षांत कामठीवरून राजनांदगावकडे रूळ गेले. लांबचा माल रेल्वेने ओढून नेला. पण शेतापासून स्टेशनापर्यंतचा माल मात्र बैलगाडीकडेच राहिला. यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लांबच्या वाहतुकीची वाट बदलते, साधन बदलते. जवळची खेप कोणाला ना कोणाला मारावीच लागते.

आजही तसेच आहे. श्रीनगर-कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा आणि सुरतेकडून कोलकात्याच्या दिशेने जाणारा ५३ क्रमांकाचा असे दोन महामार्ग नागपुरात भेटतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. त्यामुळे लाईनवाल्याला काम मिळते, यात शंका नाही.

पण जवळच्या कामालाही आपल्याकडे तोटा नाही. सिलेवाडा, इंदर, गोंडेगाव येथे कोळसा आहे. कोराडीचे वीज केंद्र १९७४ साली आणि खापरखेड्याचे १९८९ साली सुरू झाले. मनसर, कांद्रीकडे मँगनीज निघते. वीट, गिट्टी, धान, सिमेंट यांच्या खेपा असतात आणि हंगामात आपला ऊस असतोच.

ड्रायव्हरच्या खिशाचा हिशेब

खाली दिलेले आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालून पाहावे.

समजा, लाईनच्या ड्रायव्हरला भत्त्यासह महिन्याला २२,००० रुपये पडतात आणि तो २५ दिवस बाहेर असतो. ढाब्यावरचे जेवण, चहा, आंघोळ मिळून दिवसाला २५० रुपये धरले तर ६,२५० रुपये वाटेतच जातात. उरले १५,७५०. आता घरी ऊस आहे. पाण्याची पाळी रात्री येते, म्हातारे वडील बांधावर जाऊ शकत नाहीत. महिन्यात सहा दिवस ४०० रुपयांनी गडी लावला तर २,४०० रुपये गेले. हाती राहिले १३,३५०.

लोकल ड्रायव्हरला १६,००० रुपये मिळतात असे धरू. डबा घरचा. चहापाण्याला २६ दिवस रोज ४० रुपये म्हणजे १,०४० रुपये. उरले १४,९६०. पाण्याची पाळी तो स्वतः सांभाळतो. म्हणजे पगाराच्या कागदावर ६,००० रुपयांनी मागे असलेला माणूस घरी मात्र १,६१० रुपयांनी पुढे निघाला.

यावर कोणी म्हणेल, "आम्ही स्टोव्हवर रांधून खातो, दीडशेत भागवतो." बरोबर आहे. तसे केले तर वाटखर्च ३,७५० होतो आणि गड्याची मजुरी वजा जाता लाईनवाल्याच्या हाती १५,८५० राहतात. तो ८९० रुपयांनी पुढे गेला. पण हे ८९० रुपये २५ रात्रींवर वाटून पाहा. घराबाहेरच्या एका रात्रीचे ३६ रुपयेसुद्धा होत नाहीत.

ज्याच्या घरी शेती नाही, किंवा भाऊ शेती पाहतो, त्याला गड्याचा खर्च नाही. त्याचा हिशेब निराळा निघेल आणि त्याने लाईन धरली तर आम्ही त्याला चूक म्हणणार नाही. अंगावरचे कर्ज फेडायचे म्हणून दोन-चार वर्षे मुदत ठरवून लाईन करणाराही शहाणाच. मुदत न ठरवता जाणारा मात्र तिथेच म्हातारा होतो.

शरीराचा हिशेब

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांबच्या मार्गावर ती १० आणि ५४ तासांपर्यंत नेता येत असे. पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांतीही सांगितली होती. आता त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. पण माणसाच्या डोळ्यांवरची झोप कायद्याबरोबर बदलत नाही. पाच तासांनी अर्धा तास, हे माप ड्रायव्हरने आणि मालकाने दोघांनीही पाळावे.

राष्ट्रीय परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत असा पूर्वी नियम होता. तो २०१८ साली काढला गेला. तेव्हापासून एकट्यावर भार वाढला आहे. पाठ, पोट आणि साखर यांची तक्रार लाईनवर लवकर सुरू होते. एड्स नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांसाठी वेगळे काम चालते. लाज न बाळगता तपासणी करून घ्यावी.

लोकल म्हणजे सुख नव्हे

जवळचे काम गोड आणि लांबचे कडू, असे लिहिले तर तो खोटेपणा होईल. लोकलमध्ये पैसा खेपेवर असतो. तिसरी खेप साधायची म्हणून पोरं गाडी पळवतात. कोळशाची धूळ छातीत जाते. कारखान्याच्या तळावर नंबर लागेपर्यंत रात्र जाते, हे आम्हालाही कबूल केले पाहिजे.

जादा माल भरण्याचा मोह लोकलमध्ये अधिक. जुलै २०१८ पासून दहाचाकी गाडीचे मालासह वजन २५ टनांवरून २८.५ टनांपर्यंत वाढवले आहे. त्यापुढे गेल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड कायद्यात सांगितला आहे. एका दंडात आठवड्याच्या खेपा वाहून जातात.

स्वतःची गाडी घेणाऱ्याने तर वर्षाचाच हिशेब करावा. पावसाळ्यात रेती बंद, भट्टी बंद, ऊस बंद. हप्ता मात्र बंद होत नाही. समजा महिन्याचा हप्ता ३०,००० आहे. वर्षाचे ३,६०,००० झाले. गाडीला पोटभर काम आठच महिने मिळाले, तर कामाच्या प्रत्येक महिन्यात ४५,००० हप्त्यासाठी बाजूला काढावे लागतील. हंगामात हातात पैसा खेळतो तेव्हा हे १५,००० जादा बाजूला न काढणाऱ्याची गाडी पोळ्याच्या सुमारास अडचणीत येते.

उसाशी संबंध काय?

संबंध सरळ आहे. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. उशीर झाला की उसाचे वजन घटते आणि साखरही उतरते. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच बिलातून वजा होतो. रस्ता, पांदण, नाला, शेतातली ओल माहीत असलेला गावचा ड्रायव्हर गाडी फसू देत नाही. सभासदाचाच पोरगा उसाच्या गाडीवर असला तर भाड्याचा पैसा गावातच राहतो.

नाव सांगत नाही, पण एका सभासदाच्या घरची गोष्ट आमच्या मनातून जात नाही. मुलगा लाईनवर, हैदराबादकडे. इकडे तोडीची टोळी आली, घरी वडील एकटे. गाडी शेतात फसली, ऊस दोन दिवस बांधावर वाळला. फोनवर मुलगा म्हणाला, "बाबा, परतीचं भाडं भेटलं नाही, दोन दिवस लागतील." वडील म्हणाले, "पैसे नको धाडू बापा, तू ये." पुढच्या हंगामात तो मुलगा आमच्या तळावर उसाची गाडी घेऊन उभा होता. पगार कमी झाला, हे तो लपवत नाही. "पण आता पाळी मीच देतो," असे म्हणतो.

घरी बसून सोडवा

१. गेल्या वर्षी घरातला ड्रायव्हर किती रात्री बाहेर होता?
२. वाटखर्च आणि गड्याची मजुरी वजा जाता नेमके किती उरले?
३. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे काम आजच कोणाशी बोलून ठेवले आहे का?
४. लाईन करायचीच असेल तर किती वर्षे, आणि कोणते कर्ज फिटेपर्यंत?

ही चार उत्तरे एका कागदावर लिहून बाप-लेकांनी आणि घरातल्या बाईमाणसानेही एकत्र वाचावीत. घर सांभाळते तिला रात्रींचा आकडा सगळ्यांत आधी ठाऊक असतो. त्यानंतर जो निर्णय होईल तो तुमचा. आमचे म्हणणे एवढेच की तो पगाराचा आकडा ऐकून होऊ नये, हिशेब करून व्हावा.