नगरपालिकेचा कॅसिनो आणि नगराध्यक्षांचं मोठं स्वप्न : स्थानिक शासनाचा एक वेगळा पाठ



सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका हे घटक येतात. उत्पन्नाची साधनं मुलं पाठ करतात : घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार कर, शासनाचे अनुदान. परीक्षेत लिहितात आणि विसरतात. यंदा हा घटक शिकवताना मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "बाई, गावाने एखादा मोठा धंदाच काढला तर? मग कुणालाच पट्टी भरायला नको!"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. असं खरोखर करणारं एक गाव जगात आहे. त्याची गोष्ट मी वर्गात सांगितली. तीच आज इथे मांडते आहे.

गावाची ओळख

गावाचं नाव कांपिओने द'इतालिया. लुगानो सरोवराच्या काठावर वसलेलं, जेमतेम दोन हजार वस्तीचं. गंमत अशी की गाव आहे इटलीचं, पण चारही बाजूंनी स्वित्झर्लंडने वेढलेलं. इसवी सन 777 मध्ये एका जमीनदाराने ही जागा मिलानच्या मठाला दान दिली. त्या दानामुळे पुढे सीमा बदलल्या तरी गाव इटलीकडेच राहिलं. व्यवहारात मात्र स्विस फ्रँक चालायचा. मुलांना हे नकाशात नक्की दाखवा. देशाच्या पोटात दुसऱ्या देशाचा ठिपका पाहून त्यांचे डोळे विस्फारतात.

या गावात 1917 साली कॅसिनो, म्हणजे परवानगी असलेला जुगारखाना, सुरू झाला. पहिल्या महायुद्धात परदेशी मुत्सद्द्यांकडून गुप्त माहिती काढता यावी म्हणून तो उघडला, असं सांगितलं जातं. युद्ध संपल्यावर तो बंद झाला आणि 1933 मध्ये पुन्हा सुरू झाला. या वेळी हेतू सरळ होता : गावाला उत्पन्न मिळावं.

एकाच विहिरीचं पाणी

इटलीत बराच काळ असे चारच मोठे कॅसिनो होते : व्हेनिस, सानरेमो, सेंट-व्हिन्सेंट आणि कांपिओने. व्हेनिसचा कॅसिनोही महापालिकेच्याच मालकीचा. पण व्हेनिस मोठं शहर, त्याला उत्पन्नाच्या इतर वाटा आहेत. कांपिओनेकडे शेती नाही, कारखाने नाहीत. कॅसिनो हाच गावाचा पोशिंदा.

अनेक दशकं सगळं छान चाललं. पैसे लावायला बाहेरचे लोक यायचे, हरायचे, परत जायचे. फायदा गावात राहायचा. एवढ्याशा गावाच्या नगरपालिकेत शंभराच्या वर कर्मचारी होते. कॅसिनोत सुमारे पाचशे जण कामाला. आपल्याकडे दोन हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीत एक ग्रामपंचायत अधिकारी, एक शिपाई आणि पाणी सोडणारा माणूस असतो, हे मुलांना सांगा. फरक त्यांना लगेच कळतो.

मोठी इमारत, मोठं स्वप्न

इथे नगराध्यक्ष गोष्टीत येतात. इटलीत नगराध्यक्षांना 'सिंदाको' म्हणतात, आणि 1993 पासून ते थेट जनतेतून निवडले जातात. आपल्याकडेही नगरपालिकांचे नगराध्यक्ष कधी नगरसेवकांमधून, तर कधी थेट जनतेतून निवडले गेले आहेत. थेट निवडून आलेल्या माणसाला आपल्या नावावर दिसेल असं काहीतरी मोठं उभं करावंसं वाटतं. यात गैर काही नाही. जुना कॅसिनो अपुरा पडतो म्हणून गावाने नवी इमारत बांधायची ठरवली. आराखडा प्रसिद्ध स्विस वास्तुरचनाकार मारिओ बोत्ता यांचा. ही इमारत 2007 मध्ये सुरू झाली. युरोपातला सर्वात मोठा कॅसिनो म्हणून तिचा गाजावाजा झाला. दोन हजारांच्या गावाच्या डोक्यावर तो प्रचंड डोलारा सरोवरापलीकडूनही दिसतो.

पण वेळ चुकली होती. स्वित्झर्लंडमध्ये पूर्वी कॅसिनोंवर बंदी होती. ती 1993 च्या जनमतानंतर उठली, 2000 मध्ये नवा कायदा लागू झाला आणि जवळच लुगानो व मेंड्रिसिओ इथे स्पर्धक उभे राहिले. पुढे लोक घरबसल्या ऑनलाइन जुगार खेळू लागले. जानेवारी 2015 मध्ये स्विस मध्यवर्ती बँकेने युरोशी बांधलेला दर सोडला आणि फ्रँक एकदम महागला. पगार आणि खर्च फ्रँकमध्ये, तर येणारं गिऱ्हाईक मुख्यतः युरोवालं. म्हणजे गल्ला आटला, खर्च तेवढाच राहिला.

शेवटी काय झालं?

2018 च्या जूनमध्ये नगरपालिकेने आपण आर्थिक संकटात असल्याचं जाहीर केलं. 27 जुलै 2018 रोजी न्यायालयाने कॅसिनो चालवणारी कंपनी दिवाळखोर ठरवली. त्याच दिवशी दारं बंद. पाचशे कुटुंबांचा रोजगार गेला. नगरपालिकेच्या 102 पैकी 86 कर्मचाऱ्यांना 'जादा' ठरवलं गेलं. पगार महिनोन्‌महिने थकले. शेजारच्या स्विस संस्थांची बिलंही थकली. गावातल्या साध्या साध्या सेवांवर गदा आली. काही महिन्यांतच निवडून आलेला कारभार संपला आणि सरकारने प्रशासक नेमला. 2020 च्या निवडणुकीनंतर गावाला पुन्हा नगराध्यक्ष मिळाले. कॅसिनो 26 जानेवारी 2022 रोजी परत उघडला, पण आधीपेक्षा खूपच कमी माणसांवर.

खरी चूक कुठे झाली?

मुलं पटकन म्हणतात, "जुगार वाईट, म्हणून बुडाले." जुगार वाईट हे खरंच, तेवढं सांगायलाच हवं. पण त्यातून पूर्ण उत्तर मिळत नाही. याच कॅसिनोने गावाला किती वर्षं पोसलं!

मला वाटतं खरी चूक वेगळी आहे. नगरपालिका कॅसिनोची मालक. नगरपालिकेचा खर्चही कॅसिनोवर. मतदारांच्या घरातला कुणीतरी तिथेच नोकरीला. नगराध्यक्षांना मतं हवीत ती याच लोकांची. मग सांगा, "इमारत एवढी मोठी नको", "माणसं जास्त झाली", "वाईट दिवसांसाठी थोडे पैसे बाजूला ठेवा" हे म्हणणार कोण? जो म्हणेल तो स्वतःच्याच ताटात माती कालवणार. तपासणारा आणि ज्याला तपासायचं तो, दोघे एकाच ताटात जेवायला लागले की प्रश्न विचारणं थांबतं. एका नगराध्यक्षावर सगळं खापर फोडून उपयोग नाही. गावच गप्प होतं.

हे मला का टोचतं?

माझं बालपण एका सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीत गेलं. वडील तिथे फिटर होते. आमची शाळा, दवाखाना, बाजाराला जाणारी गाडी, सगळं कारखान्याचं. गाळप वाढवायचं म्हणून नवी यंत्रं आली, तेव्हा वसाहतीत पेढे वाटले. सभासद तेच, कामगारही बरेचसे त्यांचीच मुलं, आणि मतदारही तेच. सभेत हात वर करून कुणी खर्च विचारला नाही. आमचे वडीलही नाही. मी आठवीत असताना कारखाना बंद पडला. दोन वर्षांचा पगार थकला. शाळेची फी भरायला आईने पाटल्या मोडल्या. वडील नंतर म्हणायचे, "विचारायला हवं होतं गं." तेवढंच. म्हणून कांपिओनेची गोष्ट मला परदेशातली वाटत नाही.

आपल्याकडे काय आहे?

महाराष्ट्रात 1976 साली कॅसिनोविषयीचा कायदा झाला होता, पण तो कधी अंमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. गोव्यात पणजीला मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी दिसतात, पण त्या खाजगी कंपन्यांच्या आहेत आणि परवाना राज्य सरकार देतं. म्हणजे नगरपालिकेचा स्वतःचा कॅसिनो आपल्याकडे नाही. तरी एकाच उत्पन्नावर टेकून राहण्याची सवय ओळखीची आहे. मुंबई महापालिकेची जकात 2017 मध्ये बंद झाली तेव्हा भरपाईची सोय आधी करावी लागली, हे मोठ्या मुलांना सांगता येईल.

वर्गात असं घ्या

1. मुलांचे पाच गट करा : शाळा, पाणी, रस्ते, दवाखाना, सफाई. प्रत्येक गटाला दहा चिंचोके द्या. आठ 'कॅसिनो'चे, दोन 'घरपट्टी'चे.
2. दोन फेऱ्या खर्च करू द्या. मग कॅसिनोचे चिंचोके काढून घ्या. आता आधी काय बंद करायचं, हे गटांनीच ठरवायचं. (आमच्या वर्गात सफाई गट आणि शाळा गटाचं चांगलंच जुंपलं!)
3. एका मुलीला नगराध्यक्ष करा. तिने नव्या इमारतीसाठी भाषण करायचं. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे.
4. घरचा अभ्यास : आपल्या गावाला पैसा कुठून येतो ते ग्रामपंचायत अधिकारी किंवा मोठ्यांना विचारून पाच ओळी लिहा.

पालकांना एक विनंती. मुलांना ग्रामसभेला एकदा तरी सोबत न्या. मागे उभं राहून ऐकलं तरी चालेल.

समारोप

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी शेवटी विचारलं, "मग काय, पट्टी भरायची की धंदा काढायचा?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाई, पट्टी भरली की हिशोब मागता येतो."

मी फळ्यावर त्याचंच वाक्य लिहिलं आणि तास संपवला.