इंजिनाला बाटली पाजावी का?

मित्रांनो, घाबरू नका. हा लेख रेक्टर सरांनी वाचला तरी चालेल अशाच बाटलीबद्दल आहे. पेट्रोल पंपाच्या काउंटरवर, स्पेअर पार्टच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारी ही छोटी बाटली टाकीत ओतायची, वर पेट्रोल भरायचं, की इंजिनाची आतली घाण साफ, पिकअप वाढला, ॲव्हरेज वाढला, असा तिचा दावा असतो. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, "दर टाकीला टाकतो, गाडी लोण्यासारखी चालते." दुसरा म्हणतो, "हात लावू नकोस, इंजिन खराब होतं." दोघांकडेही पुरावा एकच, तो म्हणजे आपल्या गाडीचा अनुभव.

मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. म्हणून हा विषय जरा मुळापासून पाहू.

घाण येते कुठून?

पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे, ते शेकडो हायड्रोकार्बनचं मिश्रण असतं. त्यातले काही, विशेषतः ओलेफिन वर्गातले, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की एकमेकांना चिकटून डिंकासारखे होतात. हे नेमकं कधी होतं? गाडी चालू असताना कमी, बंद केल्यावर जास्त! गाडी बंद केली की कूलंट फिरायचं थांबतं, पण इंजिन तापलेलंच असतं. ती उष्णता इंजेक्टरच्या टोकापर्यंत पोचते. टोकाला राहिलेल्या थेंबातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग तिथेच भाजून बसतो. दर वेळी एक पातळ थर. म्हणजे हॉस्टेल ते टपरी, टपरी ते लायब्ररी अशी दिवसातून दहा वेळा चालू-बंद होणारी गाडी ही या घाणीची आवडती जागा.

इंजेक्टरची भोकं मिलिमीटरच्या अंशात मोजायची असतात. त्यांच्या कडेला थोडा थर बसला तरी फवाऱ्याचा आकार बिघडतो. बारीक तुषारांऐवजी धार पडते. शिवाय इसीयू बिचारा ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून सगळ्या सिलिंडरचा मिळून सरासरी हिशेब करतो. एक इंजेक्टर चोक झाला की तो सर्वांनाच जास्त पेट्रोल द्यायला लागतो. परिणाम असा, की एक सिलिंडर उपाशी आणि बाकीचे तीन तुडुंब. मग गाडी मिसिंग करते आणि ॲव्हरेज पडतो.

बाटलीत असतं काय?

बाटलीतला मोठा भाग म्हणजे रॉकेलच्या जातीचं द्रावक. खरं काम करणारा पदार्थ म्हणजे डिटर्जंट. चांगल्या बाटल्यांत तो बहुधा पॉलिइथरअमाइन, थोडक्यात पीईए असतो. काहींत पॉलिआयसोब्युटीन अमाइन असतं. तत्त्व आपल्या कपड्यांच्या साबणाचंच आहे. रेणूचं एक टोक नायट्रोजनवालं, ते घाणीला चिकटतं. दुसरं टोक लांब शेपटीसारखं, ते पेट्रोलमध्ये विरघळतं. घाण सुटी होते, पेट्रोलबरोबर वाहत जाते आणि सिलिंडरमध्ये जळून जाते. या दोघांत फरकही आहे. पीईए स्वतः बऱ्यापैकी स्वच्छ जळतं आणि दहनकक्षातल्या कार्बनवरही काम करतं. दुसरं व्हॉल्व्हवर चांगलं चालतं, पण दहनकक्षात उलट थोडी भर घालू शकतं. तेव्हा लेबल वाचताना ब्रँडच्या आधी घटक वाचावा.

म्हणजे ही बाटली भोंदूगिरी नाही. तिच्यामागे खरं रसायनशास्त्र आहे आणि इतिहासही आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत कार्ब्युरेटर जाऊन पोर्ट इंजेक्शन आलं आणि इंजेक्टर चोक होण्याच्या तक्रारी वाढल्या. बीएमडब्ल्यूच्या १९८५ सालच्या ३१८ आय गाडीवर एक चाचणीच बसवली गेली. सुमारे १६,००० किलोमीटर गाडी चालवायची, मग इनटेक व्हॉल्व्ह काढून वजन करायचे. प्रत्येक व्हॉल्व्हवर सरासरी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घाण नसली तर ते पेट्रोल पास. १ जानेवारी १९९५ पासून तिथे पेट्रोलमध्ये डिटर्जंट घालणं कायद्याने बंधनकारक झालं. पण कायद्याची पातळी कमी वाटली म्हणून २००४ साली बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा या कंपन्यांनी 'टॉप टियर' नावाचा वरचा दर्जा ठरवला. २०१६ साली एएए या अमेरिकन वाहनचालक संघटनेने तुलना केली. सुमारे ६,४०० किलोमीटरइतक्या चालीनंतर साध्या पेट्रोलने टॉप टियरच्या तुलनेत सरासरी १९ पट घाण साठवली.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, डिटर्जंट काम करतं. दोन, ते रोज थोडं थोडं पेट्रोलमधूनच मिळालं तर बाटलीची वेळच क्वचित येते.

एकच नियम लक्षात ठेवा

आता मुद्द्याचं. क्लीनर गुण देईल की नाही हे ठरवायला मी एक साधा नियम वापरतो. जिथे द्रवरूप पेट्रोल पोचतं, तिथेच पेट्रोलमधला साबण पोचतो. व्हायवाला विचारलं तरी पुरेल असा हा नियम आहे. लावून पाहू.

पोर्ट इंजेक्शन, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक साध्या पेट्रोल गाड्या आणि बीएस-६ नंतरच्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या जवळजवळ सगळ्या बाइक. इथे इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारा मारतो. इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह दोन्ही धुतले जातात. क्लीनरला सर्वांत चांगलं मैदान हेच.

डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे टीएसआय, जीडीआय वगैरे नावांची टर्बो पेट्रोल इंजिनं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. इनटेक व्हॉल्व्हला त्याचा थेंबही लागत नाही. ऑइलच्या वाफेने व्हॉल्व्हवर बसलेला कार्बन टाकीतल्या बाटलीने जाईल कसा? इंजेक्टरचं टोक मात्र साफ होऊ शकतं. व्हॉल्व्हसाठी मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा मारा करतात, तो उपाय वेगळा.

कार्ब्युरेटरची जुनी बाइक. सुट्टीत दोन महिने उभी राहिली आणि जेट पूर्ण बंद झाला. बंद जेटमधून पेट्रोलच जात नाही, मग साबण कुठून जाणार? कार्ब्युरेटर उघडून जेट काढून साफ करणं हाच मार्ग. तो वर्कशॉपमध्ये अर्ध्या तासाचा खेळ आहे.

एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी, ऑइलमधला गाळ, झिजलेला स्पार्क प्लग, निकामी सेन्सर. यातल्या कशालाही पेट्रोल धूत नाही. टाकीत कितीही ओता, आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

डिझेलचं प्रकरण स्वतंत्र आहे. कॉमन रेलमध्ये दाब १,६०० ते २,००० बार किंवा त्याहून जास्त असतो आणि पंपाचं वंगण डिझेलच करतं. तिथे डिझेलसाठीच बनवलेलं क्लीनर चालेल. पेट्रोलचं क्लीनर, पेट्रोल किंवा रॉकेल टाकलं तर वंगण कमी होऊन महागडा पंप झिजेल.

मग नुकसान कधी होतं?

पहिलं कारण अतिरेक. समजा ३०० मिलिलिटरची बाटली कारच्या ४० लिटरच्या टाकीसाठी आहे. प्रमाण झालं ०.७५ टक्के. तीच बाटली बाइकच्या १० लिटरच्या टाकीत ओतली तर ३ टक्के, म्हणजे चौपट. "जास्त टाकलं तर जास्त साफ" हे गणित इथे चालत नाही. डिटर्जंटचा जड भाग पूर्ण न जळता पिस्टन रिंगवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. म्हणूनच क्लीनर वापरायचंच असेल तर ऑइल बदलण्याच्या आधीच्या टाकीला वापरावं. साबणही गेला, जुनं ऑइलही गेलं.

दुसरं कारण जुनी टाकी. वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गंज आणि गाळ एकदम सुटला तर तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. हे काम आता इथेनॉलही करतं. २०२५ पर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलं. इथेनॉल स्वतः चांगलं द्रावक आहे आणि पाणीही ओढून घेतं. पावसाळ्यात टाकीच्या तळाशी पाणी वेगळं झालं असेल तर ते डिटर्जंटने जात नाही. टाकी रिकामीच करावी लागते.

तिसरं आणि सर्वांत वाईट कारण म्हणजे घरगुती उपाय. डांबराच्या गोळ्या टाकीत टाकायचा सल्ला अजून ऐकू येतो. नॅफ्थलीनचा ऑक्टेन आकडा चांगला असतो हे खरं, पण ते घनपदार्थ आहे. पेट्रोल उडून गेलं की त्याचे स्फटिक मागे राहतात आणि नेमके बारीक भोकात बसतात. ॲसिटोन रबरी सील आणि पाइप फुगवतं. काही ऑक्टेन बूस्टरमध्ये लोह किंवा मँगनीजची संयुगं असतात. त्यांची राख स्पार्क प्लग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसते. या गोष्टींना क्लीनर म्हणणं म्हणजे क्लीनरची बदनामी आहे.

हिशेब करून पाहू

पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर धरू आणि बाटली ४०० रुपयांची. म्हणजे बाटलीची किंमत ४ लिटर पेट्रोल. कार लिटरला १५ किलोमीटर देते, टाकी ४० लिटरची, तर एका टाकीत ६०० किलोमीटर. एकाच टाकीत पैसे वसूल व्हायचे तर तेच ६०० किलोमीटर ३६ लिटरमध्ये व्हायला हवेत, म्हणजे ॲव्हरेज १६.७ ला जायला हवा. ११ टक्के वाढ! निरोगी इंजिनात हे अशक्य. पण इंजेक्टर खरोखर घाण असतील आणि साफ केल्याचा परिणाम ५,००० किलोमीटर टिकला, तर सव्वा टक्का सुधारणाही पुरते. तेव्हा दर टाकीला बाटली टाकणाऱ्याचे पैसे पाण्यात, आणि गरज असताना एकदा टाकणाऱ्याचे वसूल. स्वच्छ ताट पुन्हा घासून ते जास्त स्वच्छ होत नाही.

खरा धोका कुठे आहे?

आतापर्यंतचं वाचून वाटेल, की चला, गुण आला तर आला, नाही तर चारशे रुपये गेले. इतकंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

आमच्या विंगमधल्या एका मित्राने घरची जुनी कार कॉलेजवर आणली होती. चढावर दम टाकायची, मध्येच झटके द्यायची. कुणीतरी सांगितलं, "कार्बन धरलाय, क्लीनर टाक." लागोपाठ तीन टाक्यांना तीन बाटल्या झाल्या. दर वेळी दोन दिवस त्याला वाटायचं, की फरक पडलाय. चौथ्या टाकीला हायवेवर, ओव्हरटेक करताना, गाडी एकदम मेली. मी शेजारच्या सीटवर होतो. मागच्या ट्रकचा हॉर्न मला अजून आठवतो. ड्रायव्हर सावध होता म्हणून आम्ही बाजूला लागलो. मेकॅनिकने फ्युएल प्रेशर गेज लावलं तेव्हा पाच मिनिटांत उत्तर मिळालं. आयडलिंगला दाब बरोबर, ॲक्सिलरेटर दाबला की खाली. टाकीतला पंप थकला होता. इंजेक्टर ठीकच होते.

बाटलीने पंप बिघडवला नव्हता. बाटलीने दीड महिना घालवला. क्लीनरचा सर्वांत मोठा धोका मला हाच वाटतो. तो इंजिन क्वचितच मारतो, पण निदान लांबवतो. ताप कशाने आला हे न पाहता गोळी घेत राहण्यासारखं आहे हे.

बाटली उघडण्यापूर्वी

१. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसत नसेल तर आधी तो बदला.

२. स्पार्क प्लग काढून पाहा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, आणि त्यावर क्लीनर हा उपाय नाही.

३. टायरची हवा तपासा. निम्म्या ॲव्हरेजच्या तक्रारी इथेच मिटतील असं म्हणावंसं वाटतं!

४. ओबीडी स्कॅनर मिळाला तर एरर कोड आणि फ्युएल ट्रिम वाचा. चढावर दम टाकत असेल तर फ्युएल प्रेशर मोजून घ्या.

५. एवढं सगळं ठीक असेल, गाडी पोर्ट इंजेक्शनची असेल आणि तरी आयडलिंग खडबडीत असेल, तर पीईए असलेली बाटली, लेबलवरच्या मापाने, एकदा. ती टाकी लांबच्या सलग प्रवासात संपवा. फरक नाही पडला तर दुसरी बाटली आणू नका, मेकॅनिककडे जा.

६. उरलेली बाटली खोलीत कॉटखाली ठेवू नका. ती ज्वालाग्राही असते आणि आपल्या खोल्यांत इलेक्ट्रिक कॉइल काय काय करतात ते सर्वांना माहीत आहे. रेक्टर सर, हे वाक्य आपण वाचलं नाही असं समजावं.

थोडक्यात, क्लीनर हे औषध आहे, टॉनिक नव्हे. नेमक्या रोगावर, नेमक्या मापात, एकदा घेतलं तर गुण येतो. पण औषधाआधी तपासणी लागते आणि ती करायची अवजारं आपल्या वर्कशॉपमध्येच पडून आहेत. तेव्हा पुढच्या वेळी गाडीने झटका दिला, तर दुकानाकडे जाण्याआधी प्लग पाना हातात घ्या. चार वर्षं आपण नेमकं तेच शिकायला इथे आलोय ना?