परसातील रंगीत कीटक : एक अभ्यास

रिठदच्या काळ्या मातीत मृगाचा पहिला पाऊस मुरला, की वसतिगृहामागील परसात लाल मखमली मृगाचा किडा दिसू लागतो. त्याचे छायाचित्र मोबाइलवर मोठे करून आम्ही विद्यार्थ्यांना पाय मोजावयास लावतो. पाय आठ भरतात! कीटकाला सहाच असतात. म्हणजे हा ‘किडा’ कोळी-विंचवाच्या गोतातील. औषधी तेलासाठी त्याला वेचून, वाळवून विकले जाते, हे मात्र खेदजनक.

कुंपणावरील रुईवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा टोळ बसतो. विषारी चिकाची ती पाने तो खुशाल खातो. त्याचा भडक रंग हा भक्षकांना इशारा आहे.

खरा पेच हिंग्यांचा. मूग-तुरीच्या फुलांवर तुटून पडणारे हे काळे-नारिंगी भुंगेरे शेतकऱ्याचे वैरी, आणि त्यांच्या अंगातील द्रवाने कातडीवर फोड उठतात. परंतु त्यांच्याच अळ्या जमिनीत टोळांची अंडी फस्त करतात. मग त्यांना शत्रू म्हणावे की मित्र? आमचे विद्यार्थी यावर तावातावाने वाद घालतात, आणि आम्ही त्यांना थांबवीत नाही.

छायाचित्रासाठी सकाळची वेळ उत्तम. गारव्याने कीटक सुस्त असतात. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये, हात लावू नये.

माजी विद्यार्थ्यांनीही आपापल्या परसातील छायाचित्रे शाळेकडे अवश्य पाठवावीत. सोबत तारीख आणि झाडाचे नाव लिहावे. शेजारच्या सोयाबीनवर त्या आठवड्यात फवारणी झाली होती काय, हेही नोंदवावे.