वही मिटली, पण वाट संपली नाही



संत लूककृत शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात दोन शिष्य येरुशलेमहून अम्माऊसला पायी निघाले आहेत. दोघेही जाणते, पण मनाने खचलेले. प्रभू त्यांना वाटेत गाठतो, धर्मशास्त्र उलगडून सांगतो आणि मग भाकर मोडताना त्यांना त्याची ओळख पटते. आपली मिस्सादेखील याच क्रमाने चालते: आधी प्रभुशब्द, मग ख्रिस्तप्रसाद.

हे धर्मशिक्षण मुलांचे नव्हते, मोठ्यांचे होते. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली ‘कातेकेसी त्रादेंदे’ या पत्रात प्रौढांचे धर्मशिक्षण हेच त्याचे प्रमुख स्वरूप असल्याचे सांगितले. आपल्याकडे मात्र प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला की वही मिटते. लहानपणीच्या त्या शिदोरीवर आपण संसार, कर्ज, आजारपण आणि मरण यांना सामोरे जातो. ती कशी पुरणार?

त्यात आपल्या मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नाताळ फडावर, राखेचा बुधवारही फडावर. चर्च लांब, फादर लांब. तेथे आईबाप हेच धर्मशिक्षक. म्हणून चुडाव्यात राहा की फडावर, तीन गोष्टी प्रत्येकाला ठाऊक हव्यात.

१. बाप्तिस्मा: बाळ दगावण्याची भीती असेल आणि धर्मगुरू मिळत नसतील, तर ख्रिस्तसभेच्या हेतूने कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतत म्हणावे: “(नाव), मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.” बाळ वाचले तर बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. मात्र फादरांना कळवून नोंद करून घ्यावी.

२. प्रायश्चित्त: गंभीर पापाचे निवेदन वर्षातून निदान एकदा करणे आवश्यक आहे. धर्मगुरू जवळ नसतील तर देवावरील प्रीतीपोटी मनापासून पश्चात्ताप करावा आणि संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय करावा. बांधावरून भावाशी अबोला असेल, तर तोही सोडावा.

३. रुग्णाभ्यंग: हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही. गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया, वार्धक्यातील अशक्तपणा यांतही तो घेता येतो. आजार बळावल्यास पुन्हाही घेता येतो. फादरांना बोलावले म्हणजे आशा सोडली असे समजू नका. रोगी शुद्धीवर असताना बोलवा, म्हणजे त्याला स्वतः प्रार्थना करता येईल.

मिस्सेला जाणे अशक्य असेल त्या रविवारी कुटुंबाने एकत्र बसावे, शुभवर्तमानाचा उतारा वाचावा आणि प्रार्थना करावी. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

घरी विचार करण्यासाठी:
• माझ्या बाप्तिस्म्याची तारीख मला ठाऊक आहे का?
• मी शेवटचे पापनिवेदन कधी केले?
• आपल्या वस्तीत कोणता आजारी माणूस फादरांची वाट पाहत आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका. आजच सांगा.