पिनवर रिले जोडण्याआधी

वसमत तालुक्यातल्या आमच्या मळ्यात हळदीला पुष्कळदा रात्रीच पाणी द्यावं लागतं, कारण थ्री फेज लाइन रात्री येते. अंधारात, चिखलातून घरच्या अण्णांनी स्टार्टरपर्यंत जाऊ नये, म्हणून मी आर्डुइनो उनो मागवला. आठवडाभरात एलईडी उघडझाप करायला लागला आणि वाटलं, मोटारही अशीच चालू-बंद होईल. एलईडी काढून तिथे पाच व्होल्टचा सुटा रिले लावला, थेट पिनवर. खटका वाजला. दोन दिवस वाजत राहिला. तिसऱ्या दिवशी ती पिन मेली, पुढे कॉम्प्युटरला बोर्डच दिसेना.

मल्टिमीटर हाती आल्यावर चूक कळली. रिलेच्या कॉइलचा रोध भरला सुमारे 70 ओहम. 5 भागिले 70, म्हणजे कॉइल 71 मिलिअँपिअर मागते. उनोवरच्या एटीमेगा 328पी चिपची एक पिन 20 मिलिअँपिअर आरामात देते. 40 ही तिची शेवटची हद्द. शिवाय कॉइलचा प्रवाह तोडला की ती मोठा उलटा झटका देते. म्हणून पिनने नुसता इशारा द्यावा, भार ट्रान्झिस्टरने उचलावा. माझ्याकडे आता बीसी547 आहे, त्याच्या बेसला 1 किलोओहमचा रोध, आणि कॉइलला समांतर 1एन4007 डायोड, पट्टीचं टोक धन बाजूला. तयार रिले मॉड्यूलवर ही सोय सहसा असतेच, सुट्या रिलेवर नसते. विकत घेताना हे आवर्जून विचारा. आणि बोर्डाच्याही आधी मल्टिमीटर घ्या.

दुसरा फटका ओलावा मोजणाऱ्या दोन दातांच्या सेन्सरने दिला. मी तो बेडमध्ये खुपसून सतत चालू ठेवला. ओल्या, खतावलेल्या मातीतून अखंड डीसी वाहिला की एक दात झिजत जातो. काही आठवड्यांत आकडे भरकटले. तो मोजण्यापुरताच, क्षणभर चालू करावा. जमल्यास कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यावा, त्याचा धातू मातीला लागत नाही.

मोटारीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. तिथे चारशे व्होल्टच्या आसपासचा दाब असतो, ब्रेडबोर्डचा सराव तिथे कामी येत नाही. माझा रिले फक्त स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटमध्ये आहे, तोही जाणत्या वायरमनने मेन स्विच पाडून जोडला. ओव्हरलोडचं संरक्षण आहे तसंच ठेवलं. त्याआधी महिनाभर रिलेवर मोटारीऐवजी बॅटरीवरचा छोटा दिवा लावून प्रोग्राम तपासला.

त्या महिन्यातच एक गोष्ट ध्यानात आली. लाइन येताच प्रोग्राम रिले ओढत होता, शिवारातले ऑटोस्विचही तेच करतात. सगळ्या मोटारी एकदम उचलल्या की डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो, ती जळते आणि उभ्या पिकाचं पाणी तुटतं. म्हणून आता लाइन आल्यावर माझा बोर्ड पाच ते पंधरा मिनिटं थांबतो, किती ते दर रात्री वेगळं, आणि मगच रिले ओढतो.